बोटभर रबराचा हिशेब

बेळगाव ते निपाणी या पट्ट्यात बारा-पंधरा वर्षे झालेली मोटार म्हणजे मोडीत निघालेली मोटार, असे कोणी मानत नाही. मारुती ८००चे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले, ॲम्बॅसिडरही त्याच वर्षी संपली, ओम्नी २०१९ मध्ये गेली. तरी केए-२२, केए-२३ आणि एमएच-०९ पाट्यांच्या या गाड्या बाजारात, शेताच्या बांधावर, लग्नाच्या मांडवाबाहेर रोज दिसतात. त्यांची इंजिने अजून चांगली आहेत. मालक तक्रार करतो ती खालून येणाऱ्या आवाजाची: गतिरोधकावरून उतरताना ‘ठक’ होते, खड्ड्यात खडखड होते, ब्रेक मारला की स्टिअरिंग एका बाजूला ओढते. बऱ्याच वेळा यामागे सस्पेन्शनमधले झिजलेले बुश असतात. मग काही जण आवाजाची सवय करून घेतात, काही जण अधिकृत सेवा केंद्रात जाऊन अख्खा लोअर आर्म बदलून घेतात आणि काही जण लेथवर नायलॉनचा ‘कायमचा’ बुश कातून बसवतात. पहिला मार्ग टायरच्या पैशांत महाग पडतो, दुसरा बिलात आणि तिसरा गाडीच्या हाडांत. स्वस्त आणि टिकाऊ मार्ग वेगळा आहे: फक्त बुश बदलायचा, तो रबराचाच घ्यायचा आणि वाचलेला पैसा चांगल्या कारागिरीवर खर्च करायचा. या कामात सुटा भाग ही सर्वांत स्वस्त बाब असते, काम टिकणार की नाही हे मजुरीवर ठरते, आणि आपण घासाघीस करतो ती नेमकी मजुरीत.

बुश म्हणजे काय, हे आधी नीट पाहिले पाहिजे. चाक गाडीच्या सांगाड्याला थेट जोडलेले नसते. मध्ये लोखंडी आर्म असतो आणि तो आपल्या सांध्यावर वर-खाली हलतो. या सांध्यात लोखंडावर लोखंड घासू नये म्हणून बुश बसवतात. बाहेर एक लोखंडी नळी, आत दुसरी बारीक नळी, आणि दोहोंच्या मध्ये दोन्हींना पक्के चिकटवलेले रबर. बाहेरची नळी आर्मच्या भोकात दाबून बसते, आतली नळी बोल्टने सांगाड्याला आवळली जाते. चाक वर गेले की आर्म फिरतो, पण दोन्ही नळ्या आपापल्या जागी घट्ट असतात. म्हणजे फिरणे सगळे रबराच्या अंगात होते. रबर पिळले जाते आणि पुन्हा सरळ होते. इथे काहीही घसरत नाही, म्हणून तेल-ग्रीस लागत नाही. जुन्या ॲम्बॅसिडरच्या पुढच्या सस्पेन्शनला ग्रीस निपल असत आणि ठरावीक अंतराने ग्रीसगन मारावीच लागे. मेस्त्रीची नजर त्या निमित्ताने प्रत्येक सांध्यावरून फिरत असे. रबरी बुशमुळे ती कटकट संपली, पण सांध्यांकडे पाहण्याची सवयही संपली. चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये गंधक आणि उष्णता वापरून रबर टिकाऊ करण्याची रीत शोधली नसती, तर हा सांधा शक्यच झाला नसता. अशा रबरात दोन गुण एकत्र येतात. ते लाखो वेळा पिळले तरी लवकर फाटत नाही, आणि रस्त्याचा बारीक थरथराट स्वतःत जिरवते. बुशसाठी नैसर्गिक रबर आजही पसंत केले जाते ते याच दोन गुणांमुळे.

त्याच्या उणिवाही तितक्याच ठळक आहेत. नैसर्गिक रबराला खनिज तेल सोसत नाही. इंजिनची सील गळून ऑइल आर्मवर ठिबकत राहिले की रबर फुगते, मऊ पडते आणि नळीपासून सुटते. हवेतला ओझोन त्याच्या पृष्ठभागावर बारीक भेगा पाडतो. इंजिनजवळची उष्णता त्याला कडक करते. म्हणून कमी चाललेल्या, वर्षानुवर्षे अंगणात उभ्या असलेल्या गाडीचेही बुश मरतात. फक्त किलोमीटर पाहून अंदाज बांधला तर तो चुकतो. त्यात या भागातले रस्ते. बेळगावहून निपाणीला जायला राष्ट्रीय महामार्ग आहे खरा, पण गाडी आयुष्यभर महामार्गावर राहत नाही. ती सेवा रस्त्यावर उतरते, गावाच्या वेशीवरचे उंच गतिरोधक ओलांडते, गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी कडा तोडलेल्या रस्त्यांवरून जाते. पश्चिमेकडे वळले की पाऊस वाढत जातो. कणकुंबीवरून चोर्ला घाटाने गोव्याला उतरणारा रस्ता असो, चंदगडकडून आंबोलीला जाणारा असो किंवा निपाणीहून राधानगरी-फोंडा घाटाने देवगडकडे जाणारा असो, पावसाळ्यात या रस्त्यांवरचा खड्डा पाण्याखाली दडलेला असतो आणि चाक त्यात पूर्ण वेगाने आदळते. सपाट रस्त्यावर बुश थोडासाच पिळला जातो. अशा आदळण्यात तो पिळला, दाबला आणि ओढला जातो, तेही एकाच क्षणी. रबर एका जागी फाटले की भेगेत चिखल आणि खर शिरते, आणि मग प्रत्येक हालचालीला ती खर कानशीसारखी काम करते.

आवाजाची सवय होते, म्हणून बुश झिजल्याचा तोटा मालकाला थेट दिसत नाही. तो टायरवर दिसतो. चाक सरळ पुढे पाहत असावे यासाठी त्याचा कोन ठरवलेला असतो, आणि तो कोन धरून ठेवण्याचे काम शेवटी बुशकडेच असते. बुश सैल झाला की आर्म मिलिमीटर-दोन मिलिमीटर सरकतो आणि चाकाचे तोंड किंचित वळते. समजा एक चाक सरळ रेषेपासून फक्त पाव अंश कलले. डोळ्यांना ते दिसणार नाही. पण साधी भूमिती सांगते की असे चाक प्रत्येक किलोमीटरला सुमारे साडेचार मीटर आडवे फरपटते. बेळगाव ते निपाणी हे अंतर सुमारे ७५ किलोमीटर धरले, तर एका फेरीत ते टायर जवळपास ३३० मीटर आडवे घासले गेले. अर्धा अंश कलले तर याच्या दुप्पट. टायरची एक कड नखासारखी झिजते आणि उरलेली नक्षी नवी दिसते, त्याचे कारण हेच. मालक टायरला दोष देतो, नवे टायर टाकतो, व्हील अलाइनमेंट करून घेतो, आणि काही महिन्यांत पुन्हा तीच कड झिजते. सैल बुशवर केलेले अलाइनमेंट टिकत नाही. यंत्रावर गाडी उभी असताना कोन बरोबर दिसतो आणि रस्त्यावर पहिल्या ब्रेकला तो बदलतो. एका टायरच्या किमतीत बहुतेक छोट्या गाड्यांच्या पुढच्या दोन्ही बाजूंचे बुश मजुरीसह बदलून होतात. जुनी गाडी परवडणारी राहावी असे वाटणाऱ्याने हिशेब इथून मांडायला हवा.

पैशांपलीकडचा मुद्दा ब्रेकचा आहे. मारुती ८००चे उदाहरण इथे नेमके बसते. या गाडीच्या पुढच्या चाकाला आडव्या दिशेने लोअर आर्म धरतो, पण पुढे-मागे धरण्याचे काम स्टॅबिलायझर बारवर, म्हणजे दोन्ही बाजूंना जोडणाऱ्या आडव्या दांड्यावर, सोपवलेले आहे. खर्च आणि वजन वाचवणारी ती हुशार रचना होती. मात्र तिचा अर्थ असा, की बारच्या टोकांचे बुश झिजले की ब्रेक मारताक्षणी चाक मागे सरकते. दोन्ही बाजूंचे बुश सारखे झिजत नाहीत, त्यामुळे एक चाक जास्त सरकते, दुसरे कमी, आणि गाडी एका अंगाला ओढते. तवंदी घाट उतरताना किंवा वंटमुरीच्या उतारावर पुढच्या ट्रकने अचानक वेग कमी केला, तर हा ओढा जिवावर बेतू शकतो. ‘आवाज करतेय, पण चालतेय ना’ हा आक्षेप याच ठिकाणी कोसळतो. चालते आहे हे खरे. थांबते कशी, हा प्रश्न आहे.

आता निदान. जुन्या गाडीच्या दुरुस्तीत सर्वाधिक पैसा वाया जातो तो इथे. खालून आवाज आला की एक-एक भाग बदलत जाण्याची पद्धत आहे: आधी लिंक रॉड, मग शॉकॲब्सॉर्बर, मग त्याचे वरचे माउंटिंग, मग बॉल जॉइंट (आर्म आणि चाक यांमधला सांधा), शेवटी बुशपर्यंत पोचेतो गाडीच्या निम्म्या किमतीचा खर्च झालेला असतो. प्रत्येक भागाचा आवाज आणि लक्षण थोडे वेगळे असते. लहान-लहान खड्ड्यांवर सतत बारीक खडखड येत असेल तर संशय आधी स्टॅबिलायझरच्या लिंकवर घ्यावा. स्टिअरिंग जागच्या जागी वळवताना वरून ‘कड्क’ होत असेल तर शॉकॲब्सॉर्बरच्या वरच्या माउंटिंगवर घ्यावा. ब्रेक मारताना किंवा रिव्हर्स घेऊन पुन्हा पुढे निघताना एकच जड ‘ठक’ येत असेल, तर आर्मचा बुश सुटलेला असण्याची शक्यता मोठी. खात्री करण्याची रीत साधी आहे. गाडी रॅम्पवर किंवा खड्ड्यावर घ्यायची, आर्म आणि सांगाडा यांच्या मध्ये टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, घालून हळू रेटायचे आणि टॉर्चच्या उजेडात रबराकडे पाहायचे. चांगला बुश थोडा दबतो आणि परत येतो. मेलेल्या बुशची आतली नळी एका अंगाला गेलेली दिसते, रबर नळीपासून सुटलेले दिसते, कधी आर्मवर लोखंड लोखंडाला लागल्याची चकचकीत खूण असते. वरवरच्या केसासारख्या भेगा म्हणजे बुश गेला असे नव्हे. तेवढ्यावर नवा घालायला सांगणारा मेस्त्री घाई करतो आहे. ही पाहणी एखाद्या गॅरेजने पैसे घेऊन केली तर ते पैसे आनंदाने द्यावेत. घरच्या जॅकवर गाडी उचलून स्वतः खाली शिरणे मात्र टाळावे. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही, आणि त्याखाली स्टँड नसेल तर गाडी खाली बसते.

बुशच गेला हे ठरल्यावर पुढचा प्रश्न: फक्त बुश की अख्खा आर्म? अधिकृत सेवा केंद्रे बहुधा अख्खा आर्म सुचवतात. त्यांची बाजू अगदीच खोटी नाही. काही गाड्यांत बॉल जॉइंट आर्मलाच रिव्हेटने जोडलेला असतो. बुश आणि बॉल जॉइंट दोन्ही गेले असतील, आर्म वाकलेला असेल किंवा गंजाने पोखरला असेल, तर पूर्ण आर्म घेणे शहाणपणाचे. त्यांच्या दृष्टीने वेळही वाचतो, कारण चार बोल्ट सोडून चार आवळले की काम झाले. पण आर्म सरळ आहे, बॉल जॉइंट घट्ट आहे आणि फक्त रबर फाटले आहे, तेव्हा किलो-दोन किलो चांगले लोखंड भंगारात टाकण्याचे कारण उरत नाही. बुशची किंमत शेकड्यांत असते, आर्मची हजारांत. बुश सुटा मिळत नाही, असे काउंटरवर सांगितले जाते. पुष्कळदा तो मिळतो, फक्त गाडीच्या कंपनीच्या यादीत नसतो, सुट्या भागांच्या खुल्या बाजारात असतो. सुटे भाग स्वतंत्र गॅरेजांना मोकळेपणाने मिळावेत की नाही, हा प्रश्न भारतात स्पर्धा आयोगापर्यंत गेला होता. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, कारण सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या दुरुस्तीवाल्यांपर्यंत पोचू न देणे हे ग्राहकाच्या हिताविरुद्ध आहे असे आयोगाला वाटले. कंपन्या अपिलात गेल्या, पण तत्त्व स्पष्ट झाले. पुढे २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचा विचार सुरू केला, तेव्हा निवडलेल्या क्षेत्रांत मोटारींचाही समावेश होता. लहान शहरातल्या मेस्त्रीच्या टपरीवर हा कायदेशीर वाद कोणी बोलत नसेल, पण शेकड्यांतला बुश मिळतो की हजारांतला आर्म घ्यावा लागतो, हे त्याच वादाचे रोजचे रूप आहे.

दुसऱ्या टोकाला लेथवर कातलेला बुश आहे. बेळगावच्या उद्यमबागेत आणि मच्छे परिसरात, तसेच कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथ चालवणाऱ्यांचे कौशल्य वादातीत आहे. ओतीव काम आणि यंत्रकाम ही या पट्ट्याची ओळखच आहे. म्हणूनच ‘रबराचा कशाला, नायलॉनचा कातून देतो, जन्मात जाणार नाही’ हे आश्वासन खरे वाटते. नायलॉन लवकर झिजत नाही हे खरेच. पण बुशचे काम झिजण्यापुरते नसते, त्याने पिळायचेही असते. बुशच्या रबराचा कडकपणा साधारण ५० ते ७० शोअर-ए असतो. पॉलियुरेथेन ८० ते ९५च्या घरात जाते. नायलॉन तर या मापाच्या पलीकडे, वेगळ्या मापपट्टीवर मोजावे लागते. ते पिळत नाही, म्हणून त्याला घसरावे लागते. घसरायला ग्रीस लागते. आणि धूळ-चिखलात ग्रीस चार दिवस टिकत नाही. शिवाय अनेक आर्मना फक्त वर-खाली नव्हे, किंचित तिरकेही हलावे लागते. रबर ती तिरकी हालचाल सोसते. नायलॉन सोसत नाही, आणि मग जोर जातो आर्मच्या भोकावर, सांगाड्यावरच्या कंसावर (ब्रॅकेटवर), वेल्डिंगवर. बुश जन्मभर टिकतो आणि कंसाला तडा जातो. शंभर रुपयांच्या रबराने जो धक्का खायचा होता, तो सांगाड्याने खाल्लेला असतो, आणि सांगाडा सुटा मिळत नाही. पॉलियुरेथेनबद्दल इतके कठोर बोलण्याचे कारण नाही. चांगल्या प्रतीचा, त्या गाडीसाठीच घडवलेला पॉलियुरेथेन बुश शर्यतीच्या गाडीत किंवा डोंगरातल्या जीपमध्ये उपयोगी पडतो. स्टिअरिंग नेमके होते. पण तो महाग असतो, त्याला योग्य ग्रीस द्यावे लागते, नाही तर तो करकरतो, आणि रस्त्याचा थरथराट आत येतो. जुन्या घरगुती गाडीत म्हाताऱ्या आई-वडिलांना दवाखान्यात नेणाऱ्याला तो देऊ नये.

या मुद्द्याने लेथचे महत्त्व कमी होत नाही, त्याची जागा बदलते. जुना बुश काढण्याच्या आणि नवा बसवण्याच्या कामात लेथवाल्याची खरी गरज आहे. बुश आर्मच्या भोकात घट्ट बसलेला असतो. त्याला टनावारी जोर देऊन सरळ दाबावे लागते. यासाठी हायड्रॉलिक प्रेस हवा आणि बुशच्या बाहेरच्या नळीइतक्याच मापाचे लोखंडी कडे हवे, म्हणजे जोर रबरावर न येता नळीवर येतो. हे कडे लेथवर अर्ध्या तासात कातून मिळते आणि पुढे शंभर गाड्यांना चालते. पुष्कळ गॅरेजांत प्रेस नसतो. तिथे जुना बुश गॅसने जाळून काढतात आणि नवा घणाने ठोकतात. जाळल्याने आर्मच्या पत्र्याचा ताठपणा कमी होतो, त्या जागचा रंग उडून गंज धरतो, आणि जवळच्या बॉल जॉइंटचे रबर भाजते. ठोकल्याने नवी नळी तिरकी जाते आणि आतले रबर पहिल्याच दिवशी चिरते. गंमत अशी, की हायड्रॉलिक यंत्रसामग्रीसाठी बेळगाव देशभर ओळखले जाते. १९८१ मध्ये सुरू झालेल्या पॉलिहायड्रॉनसारख्या कारखान्यांनी ती ओळख घडवली. ज्या गावात हायड्रॉलिक वाल्व्ह बनतात त्या गावात घणाने बुश ठोकण्याची वेळ कोणावर येऊ नये. गॅरेजमध्ये प्रेस नसेल तर मेस्त्रीला आर्म सोडवून द्यायला सांगावे आणि तो प्रेस असलेल्या लेथवर न्यावा. निपाणी-संकेश्वरच्या मालकालाही हे अवघड नाही. बेळगाव एका बाजूला, कोल्हापूर दुसऱ्या बाजूला, आणि सुटा आर्म पिशवीत घालून बसनेही नेता येतो. नवा बुश दाबताना साबणाचे पाणी लावावे. ऑइल किंवा ग्रीस लावू नये, कारण तेच रबराचे शत्रू आहेत. बुशच्या रबरात काही वेळा मुद्दाम पोकळ्या ठेवलेल्या असतात. त्या कोणत्या दिशेला होत्या याची जुना काढण्याआधी आर्मवर खूण करून घ्यावी. उलट्या बसल्या तर बुश नवा असूनही गाडी जुन्यासारखीच वागते.

सगळ्यांत महत्त्वाची आणि एक पैसाही न लागणारी पायरी शेवटी येते, आणि तीच बहुधा चुकते. आर्म पुन्हा बसवताना गाडी जॅकवर किंवा लिफ्टवर असते, चाके लोंबकळत असतात, आर्म खाली झुकलेला असतो. मेस्त्री त्याच अवस्थेत बोल्ट पूर्ण आवळतो. आवळताच बुशची आतली नळी सांगाड्याला पक्की झाली. मग गाडी खाली उतरते, वजनाने आर्म दहा-पंधरा अंश वर येतो, आणि रबर तेवढे पिळलेल्या अवस्थेत कायमचे अडकते. गाडी उभी आहे तरी रबर ताणात आहे. खड्डा आला की या ताणात आणखी भर पडते. ज्या रबराने मधल्या स्थितीतून दोन्हीकडे थोडे-थोडे पिळायचे, ते एकाच बाजूला दुप्पट पिळले जाते आणि काही महिन्यांत फाटते. मालक म्हणतो, ‘बाहेरचा बुश घेतला म्हणून गेला’. पुढच्या वेळी तो कंपनीचा महाग बुश घेतो, तोही तसाच आवळला जातो आणि तसाच जातो. नवे बुश टिकत नाहीत या सार्वत्रिक तक्रारीचे मोठे कारण सुट्या भागाच्या दर्जाइतकेच या आवळण्यात आहे. उपाय असा: बोल्ट आधी हाताने लावून सैल ठेवायचे, गाडी चाकांवर उतरवायची, पुढून-मागून दोन-चार वेळा दाबून तिला बसू द्यायचे, आणि मग खड्ड्यात उतरून किंवा चाकांखाली रॅम्प देऊन शेवटचे आवळायचे. पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) गाड्यांनाही, म्हणजे पाट्याच्या डोळ्यात आणि शॅकलमध्ये रबरी बुश असलेल्यांनाही, हाच नियम लागू आहे. जिप्सीच्या पाट्यांचे बुश तर दोन अर्ध्या तुकड्यांत येतात आणि प्रेसशिवाय बसतात. तिथे सगळे यश फक्त या शेवटच्या आवळण्यावर आहे. वीस मिनिटे जास्त लागतात. त्या वीस मिनिटांचे पैसे मेस्त्रीने मागितले तर ते योग्यच आहेत.

बाकीच्या काही गोष्टी थोडक्यात. बुश जोडीने बदलावेत. डावा नवा आणि उजवा जुना राहिला की ब्रेकला ओढा कायम राहतो, आणि मजुरी दोनदा जाते. खरेदी करताना रबर नखाने दाबून पाहावे: चकचकीत, कडक, कडेला बारीक भेगा असलेला बुश दुकानाच्या फळीवर वर्षानुवर्षे पडून म्हातारा झालेला असतो. पाकिटावर बनवल्याची तारीख असेल तर ती पाहावी, नसेल तर दुसरे पाकीट मागावे. ऑइल गळत असेल तर ती गळती आधी थांबवावी. आणि बुश बदलल्यावरच, आधी नव्हे, अलाइनमेंट करावे.

‘गाडीच पंधरा वर्षांची, तिच्यावर आणखी खर्च कशाला?’ हा शेवटचा आक्षेप वजनदार आहे. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि नूतनीकरणाआधी तपासणी होते. १ एप्रिल २०२२ पासून या नूतनीकरणाची फी ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांपुढच्या मोटारींसाठी ती १०,००० रुपये करण्यात आली. म्हणजे जुनी गाडी ठेवणे सरकारनेही महाग केले आहे. पण नूतनीकरण पाच वर्षांसाठी मिळते. ज्याने ५,००० रुपये भरून पाच वर्षे विकत घेतली, त्याने त्या पाच वर्षांत टायर फुकट घालवणे आणि ब्रेकवर विश्वास नसलेली गाडी चालवणे यात काटकसर कुठे आहे? हा आक्षेप एका ठिकाणी मात्र मान्य करावाच लागतो. बुश ज्या कंसात बसतो तो कंसच गंजून पोखरला असेल, सांगाड्याला तडा असेल, तर नवा बुश घालून उपयोग नाही. कोकणच्या बाजूच्या ओलाव्यात वाढलेल्या किंवा गोव्याहून स्वस्तात आणलेल्या गाड्यांत हे आढळते. तिथे आधी सांगाड्याचा निकाल लावावा, आणि तो वाईट लागला तर गाडीला निरोप द्यावा. सांगाडा ठणठणीत असलेल्या गाडीबाबत मात्र शंका नको: पुढच्या सस्पेन्शनचे सगळे बुश एकदाच, जोडीने, रबराचे, प्रेसवर बदलून घेणे हा तिच्यावर करता येण्यासारखा सर्वांत किफायतशीर खर्च आहे.

काम शक्यतो मे महिन्यात, पाऊस सुरू होण्याआधी उरकावे. मेस्त्रीला आधीच दोन गोष्टी विचाराव्यात: बुश प्रेसवर बसवणार ना, आणि बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना आवळणार ना. दोन्हींना ‘हो’ म्हणणाऱ्याशी मजुरीत घासाघीस करू नका. ‘त्याने काय फरक पडतो’ म्हणणाऱ्याकडे गाडी ठेवू नका.